'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' : आयरा हेजला नेमकं काय खात होतं?

मेघना_सातारा :
क्लिंट ईस्टवुडचा हा सिनेमा (२००६) काल पाहिला. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिकांचा झेंडा उभारतानाचा तो प्रसिद्ध फोटो, आणि त्यातले म्हणून आयरा धरून तिघा सैनिकांना युद्धरोखे (युद्धखर्चासाठी सरकार लोकांना विकतं ते कर्जरोखे) खपवायला शहरोशहरी फिरवतात. शिकागोच्या स्टेडियममध्ये कागदाच्या लगद्याचा खोटा डोंगर करून त्यांना पुन्हा चढायला लावतात, ते मला बघवेना. जेवणात त्याच फोटोच्या आकाराचं आइस्क्रीम, वर लाल सॉस! माझे वडील फौजेत होते, सत्काराचं बोलावणं आलं की ते शेतावर निघून जायचे. म्हणून आयरा जवळचा वाटला. पण मेलेल्या मित्रांच्या आठवणीपलीकडे त्याला आणखी काही छळत होतं का? आणि तो पार टेक्सासला जातो, ते खरं आहे?

जुना_प्रोजेक्टर :
मेघनाताई, अगदी खरं आहे. २३ फेब्रुवारी १९४५ ला बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर सकाळी एक झेंडा लागला होता. फोटोतला झेंडा दुसरा, मोठा. लढाई त्यानंतर महिनाभर चालली आणि फोटोतले स्ट्रँक, ब्लॉक व साउस्ली तिथेच मेले. पण पाठमोऱ्या ब्लॉकच्या जागी हॅन्सन या दुसऱ्याच शहीद सैनिकाचं नाव जाहीर झालं. आयराने हे अधिकाऱ्याला सांगितलं, तर उत्तर मिळालं की नावं जाहीर झालीत, आता गप्प राहा. रोख्यांतून १४ अब्ज डॉलर उभे करायचे होते, त्यापुढे एका पोराचं नाव कोण दुरुस्त करणार? तिकडे ब्लॉकची आई वर्तमानपत्रातली पाठ बघून म्हणत होती, हा माझाच मुलगा. तिचं कुणी ऐकेना.

हे पोटात ठेवून आयरा टाळ्या घेत उभा राहायचा. मला वाटतं, त्याला खाल्लं ते या गप्प बसण्याने. १९४६ मध्ये ॲरिझोनातून थोडं पायी, थोडं मिळेल त्या गाडीने तो टेक्सासला ब्लॉकच्या वडिलांच्या शेतावर गेला आणि खरं सांगून आला. १९४७ मध्ये नाव दुरुस्त झालं. त्याला नुसता दारुडा म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. जानेवारी १९५५ मध्ये गेला, वय ३२.

रानवारा :
+१. यात पुढचंही जोडायला हवं. आयराबरोबर फिरवलेले दुसरे दोघे म्हणजे ब्रॅडली आणि गॅग्नन. मरीन कोरने (अमेरिकेचं सैन्यदल, ज्याने हा झेंडा लावला) २०१६ मध्ये मान्य केलं की फोटोत ब्रॅडली नव्हता, आणि २०१९ मध्ये मान्य केलं की गॅग्ननही नव्हता. ब्रॅडलीचा हात पहिल्या झेंड्याला लागला होता, गॅग्नन दुसरा झेंडा वर घेऊन गेला होता. म्हणजे मिरवलेल्या तिघांत फोटोतला एकटा आयरा! ब्रॅडलीच्या जागी ठरला हॅरल्ड शुल्ट्झ. तो लॉस एंजेलिसमध्ये टपालखात्यात नोकरी करत राहिला, १९९५ मध्ये वारला, आणि घरच्यांपाशीसुद्धा यावर जवळजवळ बोलला नाही.

मेघना_सातारा :
ब्लॉकच्या आईचं वाचून गलबलले. सिनेमा आता पुन्हा बघणार, या वेळी आईलाही शेजारी बसवून.