"दीड हजाराचा कॅमेरा लावा आणि निवांत झोपा" म्हणे!

गच्चीवरून (पाथर्डी फाटा, नाशिक)

गेल्या आठवड्यात इथे, या फोरमवर, एका महाशयांनी सल्ला दिला: "ऑनलाइन दीड हजाराचा वायफाय कॅमेरा मागवा, दारावर चिकटवा, निवांत झोपा. पुरावा हातात असला की चोर जातो कुठे?" खाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक नाही, आठ कॅमेरे आहेत. शुक्रवारी पहाटे पार्किंगमधून माझी गाडी गेली. आम्ही गावाला. शनिवारी वॉचमननं सांगितल्यावर सेक्रेटरींनी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) उघडला, चोर सापडला, आणि त्यांनी काय केलं? स्क्रीनवर मोबाइल धरून शूटिंग केलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. त्यात चोरापेक्षा सेक्रेटरींचा आवाजच जास्त: "अरे हा बघ, हा बघ, टोपीवाला!" मी मंगळवारी आलो. पोलिसांनी मूळ रेकॉर्डिंग मागितलं. डीव्हीआरमध्ये शुक्रवार शिल्लकच नव्हता.

हिशेब सोपा आहे, पण कॅमेरे लावताना कुणी केला नाही. दोन एमबीपीएसवर (सेकंदाला दोन मेगाबिट) चोवीस तास चालणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी खातो. आठांचे झाले पावणेदोनशेच्या घरात. आमची डिस्क ५०० जीबी. म्हणजे पुरते तीन दिवसही नाहीत, मग जुन्यावर नवं चढतं! त्या वेळी मीटिंगमध्ये भांडण कशावर झालं, तर कंपनी कुठली, सीपी प्लस की हिकव्हिजन. डिस्कचा आकडा कोटेशनच्या शेवटच्या ओळीत होता, तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. स्वस्त घ्या, जरूर घ्या, पण पैसे मेगापिक्सेलवर उडवू नका. डिस्क, लेन्स आणि घड्याळ, यांवर घाला. आणि काही घडलं तर पहिल्या दिवशी मूळ फाइल काढून ठेवा. नाहीतर कॅमेरा म्हणजे दारावरचं लिंबू-मिरची.

मिसळ_आणि_मत

तो सल्ला मीच दिला होता, "महाशय" म्हणायची गरज नव्हती. तुमच्या सोसायटीच्या ढिसाळपणाचं खापर माझ्या कॅमेऱ्यावर का? माझा दीड हजाराचाच आहे, आत ६४ जीबीचं कार्ड. जिन्यातून भरलेला सिलिंडर गेला. क्लिप काढली, माणूस ओळखला, त्याच्या घरी जाऊन मोबाइल समोर धरला. संध्याकाळी सिलिंडर परत. ना कोर्ट ना कचेरी. तुमच्या आठ कॅमेऱ्यांनी काय मिळवून दिलं?

गच्चीवरून

ओळखीचा होता म्हणून ओळखलात. अनोळखी असता तर घरी कुणाच्या गेला असतात?

वायरवाला_सिडको

बारा वर्षं हाच धंदा करतोय, म्हणून बोलतो. गच्चीवाले भाऊ, डिस्कचं बरोबर आहे, पण फिटिंगवाल्यांना शिव्या घालण्याआधी गिऱ्हाईकाचंही ऐका. मी १ टीबी (हजार जीबी) लिहितो, सेक्रेटरी म्हणतो ५०० करा. थ्री प्लस वन वायर (चित्र आणि वीज नेणारी) चांगली लिहितो, म्हणतात हलकी टाका, दिसत नाही ती. मग पहिल्या पावसाळ्यात वायरीच्या टोकाचे बीएनसी कनेक्टर गंजले की फोन मला. एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज देणारा डबा) ओव्हरलोड करून रात्री चित्र थरथरतं, तरी दोष माझाच.

आणि लेन्स. सगळ्यांना रुंद दाखवणारी २.८ एमएम पाहिजे, कारण "पूर्ण पार्किंग दिसतं". दिसतं हो, ओळखू काही येत नाही. चेहरा ओळखायचा तर मीटरमागे २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) धरतात. दोन मेगापिक्सेलला आडवे १९२० असतात. भागाकार करा, पावणेआठ मीटरपेक्षा कमी रुंदी येते. २.८ च्या लेन्सला एवढी रुंदी तीन-साडेतीन मीटरवरच भरते. त्यापुढचा माणूस म्हणजे नुसती टोपी. गेटवर एक ६ एमएम लावा, अरुंद पण जवळचं दाखवते, सात-आठ मीटरवरचा चेहरा मिळेल. किंमत तीच! पण चित्र "छोटं" दिसतं म्हणून कमिटी नको म्हणते.

रात्री नंबरप्लेट पांढरीफटक येते, तेही माझ्या माथी. कॅमेऱ्यातल्या आयआर दिव्याचा (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा) उजेड प्लेटवरून सरळ परत येतो, त्याला मी काय करू? कॅमेरा जरा तिरका घ्या, खांबावर साधा बल्ब लावा. आणि महिन्याला कोळ्याचं जाळं झाडूनं काढा. आयआरच्या दिव्याला किडे येतात, किड्यांमागे कोळी, मग रात्रभर जाळंच रेकॉर्ड होतं.

कोर्टाची_पायरी

सिलिंडरवाल्यांनी घरी जाऊन मोबाइल दाखवला, हे ऐकायला मर्दानी वाटतं. समोरच्यानं उलट तक्रार केली असती तर काय, हा विचार केलात का? असो.

मूळ मुद्दा: "पुरावा हातात" म्हणजे काय? १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा गेला, त्यातलं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कलम ६५ बी गेलं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचे आता दोन भाग. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं, भाग ब तज्ज्ञानं. त्यात फाइलची हॅश (तिचा डिजिटल ठसा, फाइल जरा बदलली की बदलतो) लिहावी लागते. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून गेला की तो दाबला जातो आणि हॅश बदलते. म्हणून पेनड्राइव्हवर बॅकअप काढा, त्याच वेळी हॅश लिहून ठेवा, आणि मग हवी तेवढी फॉरवर्डाफॉरवर्डी करा.

मिसळ_आणि_मत

झालं. वकील आले. सिलिंडर हजाराचा, कागद पाच हजारांचे.

माजी_खाकी

नोकरीत असताना शेकडो डीव्हीआर पाहिले, म्हणून लिहितो. लोकांना वाटतं पोलीस क्लिप बघत नाहीत. बघतात. चोर कुठल्या दिशेनं गेला, जोडीदार किती, गाडी कुठली, एवढं कळलं की पुढच्या चौकातला कॅमेरा, मग त्याच्या पुढचा, असा माग काढत जातो. त्याला अंधूक क्लिपही चालते. माग वेगळा, पुरावा वेगळा. मिसळवाल्यांची क्लिप मागाच्या कामाची आहे, तेवढं त्यांना द्या.

माझी तक्रार घड्याळाची. दहातले निम्मे डीव्हीआर वेळ चुकवतात. आतला सेल गेला की लाइट गेल्यावर तारीख थेट मागच्या शतकाच्या टोकाला. आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो. म्हणून पंचनाम्यात लिहून घ्यायचं: "डीव्हीआरची वेळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा १७ मिनिटं पुढे." ही एक ओळ नसली की सगळं मुसळ केरात.

गच्चीवरून

साहेब, पटलं. पण माझ्याकडे मागही नाही आणि पुरावाही नाही, टोपी आहे.

द्राक्षबाग_निफाड

तुमचं शहराचं चाललंय. आमच्याकडे मोटारीची केबल तीनदा कापून नेली. सिमवाला सोलर कॅमेरा लावला विहिरीवर. चौथ्यांदा केबलसकट कॅमेराच नेला, कार्ड आतच. आता दुसरा उंच लावलाय. चोर काही दिसला नाही, बिबट्या मात्र तीनदा दिसला. वनखात्याला व्हॉट्सअॅपची क्लिप चालली, प्रमाणपत्र मागितलं नाही कुणी.

इंदिरानगरची_काकू

एवढे सगळे शहाणे जमलेत तर माझंही ऐका. समोरच्या फ्लॅटवाल्यानं दारावर कॅमेरा लावलाय. त्याचं दार बाजूला राहिलं, कॅमेरा बघतो सरळ माझ्या दारात. दार उघडलं की हॉलपर्यंत दिसतं. माझ्या सुनेकडे कोण आलं, किती वाजता गेलं, याची चौकशी त्याची बायको मला जिन्यात करते! ही सुरक्षा म्हणायची का?

मिसळ_आणि_मत

काकू, रागावू नका, पण लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला? उलट तुमच्या दाराची फुकट राखण.

इंदिरानगरची_काकू

तुमच्या बायकोनं केस वाळवत दार उघडलं की तेही शेजाऱ्याच्या मोबाइलवर दिसू द्या, मग मला राखण शिकवा.

मिसळ_आणि_मत

घरच्यांवर जाऊ नका.

इंदिरानगरची_काकू

माझ्या घरात डोकावलेलं चालतं, तुमच्या घराचं नाव काढलेलं चालत नाही?

माजी_खाकी

काकूंचं बरोबर आहे. पॅसेज सगळ्यांचा असला तरी उंबरठ्याच्या आतलं घर त्यांचं.

कोर्टाची_पायरी

सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. गेल्या वर्षा-दोन वर्षांतलं उदाहरण म्हणजे कोलकात्याच्या दोन भावांचं. एकानं राहत्या घराच्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे लावले, उच्च न्यायालयानं ते चालू ठेवायला मनाई केली आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. तुमची गोष्ट तंतोतंत तीच नाही, ते एकाच घरातले होते. पण सोसायटीला लेखी द्या, तोंडी भांडू नका. बाथरूमची खिडकी वगैरे दिसत असेल तर मामला थेट फौजदारीत जातो.

वायरवाला_सिडको

कोर्ट कशाला, दोन मिनिटांचं काम आहे. सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो. चित्रात काकूंच्या दारावर काळा चौकोन ओढायचा. त्याचा कॅमेरा राहिला, तुमचं दार झाकलं.

इंदिरानगरची_काकू

चौकोन ओढायला तो तयार हवा ना! मी सांगितलं तर म्हणाला, "पासवर्ड फिटिंगवाल्याकडे आहे." फिटिंगवाला म्हणे पुण्याला गेला. म्हणजे माझं दार आता पुण्यातही कुणीतरी बघतंय.

वायरवाला_सिडको

हे मात्र आमच्या लायनीतल्या लोकांचं चुकतं. कबूल. एकच पासवर्ड सगळ्यांना, आणि तोही बदलत नाहीत. रीसेट होतो, पण मालकानं बोलवायला हवं.

द्राक्षबाग_निफाड

काकू, दारासमोर तुळस उंच वाढवा. कॅमेऱ्याला तुळसच दिसेल.

इंदिरानगरची_काकू

तुळशीला ऊन लागतं. जिन्यात कुठून आणू?

गच्चीवरून

माझ्या गाडीवरून आपण तुळशीवर आलो. कुणी मूळ विषयावर येणार का? वकीलसाहेब, एक विचारतो, त्रागा नाही. हे प्रमाणपत्र मी आणायचं कुठून? डीव्हीआर सोसायटीचा, पासवर्ड सेक्रेटरीकडे, तज्ज्ञ कुठला? सामान्य माणसानं हेच करत बसायचं का?

कोर्टाची_पायरी

रागावण्याआधी आपल्या जालन्याचाच खटला बघा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. दोघं उमेदवार, २०१४ ची विधानसभा, उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले की नाही यावर वाद, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलंच व्हिडिओ रेकॉर्डिंग. प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: प्रतीला प्रमाणपत्र हवंच, पण मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकानं साक्ष दिली तर नको. आणि ज्याच्या हातात आहे तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट मागवेल. निकाल जुन्या ६५ बीवरचा आहे, पण सोसायटी अडून बसते तेव्हा आजही पहिलं बोट त्यावरच ठेवायचं. प्रमाणपत्र नंतरही देता येतं, आरोपपत्रासोबत नव्हतं म्हणून सगळं संपत नाही.

फौजदारीत तुम्हाला धावायचंही नसतं. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ९४ खाली सोसायटीला लेखी आदेश देऊन फुटेज मागवू शकतो. तुम्ही फक्त एक करायचं होतं: त्याच दिवशी सेक्रेटरीला लेखी कळवायचं, "अमुक ते अमुक वेळेचं रेकॉर्डिंग पुसू नका." फोनवरून मेसेज करून का होईना.

गच्चीवरून

"करायचं होतं." बरं. गावाला होतो, रेंज नव्हती, पण करायचं होतं. लिहून ठेवतो.

मिसळ_आणि_मत

बघा, शेवटी माझंच खरं ठरलं. माझं कार्ड माझ्या घरात, पासवर्ड माझ्याकडे, सेक्रेटरी मीच. दीड हजारात एवढं स्वातंत्र्य.

वायरवाला_सिडको

मिसळभाऊ, तुमचा कॅमेरा हालचाल दिसली की बारा-पंधरा सेकंद घेतो आणि थांबतो. चोरानं कुलूप तोडायला तीन मिनिटं घेतली तर मधली अडीच गायब असू शकतात. वायफाय राउटर इन्व्हर्टरवर आहे का? नसेल तर महावितरणची कृपा झाली की मोबाइलवर काही येणार नाही. पण एका गोष्टीत तुमचं ऐकतो. एकट्या घराला, भाड्याच्या खोलीला, तुमचाच बरा. फक्त कार्ड साधं नको, सतत लिहिलेलं सोसणारं हाय एन्ड्युरन्स घ्या, आणि कॅमेरा हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर लावा.

मिसळ_आणि_मत

कार्डाचं बघतो. राउटरचं... इन्व्हर्टर नाहीये घरी. पण सिलिंडर परत आला, हे विसरू नका.

माजी_खाकी

स्वस्ताई करताना एक ध्यानात ठेवा. २०२५ च्या एप्रिलपासून इंटरनेटला जोडणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी लागते. बाजारात जुना माल "शेवटचे चार पीस" म्हणून गळ्यात मारतात. बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. गुन्हा घडला तर कॅमेरा तुमचाच हे सांगायलाही तेच बिल लागतं.

गच्चीवरून

सोसायटीत ४ टीबीचा ठराव मांडतोय. वायरवालेभाऊ, आठ कॅमेऱ्यांना किती दिवस पुरेल?

वायरवाला_सिडको

तुमच्याच हिशेबानं बावीस-तेवीस. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) चालू करून बिटरेट (सेकंदाला किती डेटा) नीट बसवला तर महिन्याच्या पुढे जाईल. सर्व्हेलन्सचीच (कॅमेऱ्यांसाठी बनवलेली) डिस्क घ्या, कॉम्प्युटरमधून काढलेली जुनी नको. कुणीतरी फुकट देतो म्हणेल, घेऊ नका.

कोर्टाची_पायरी

आणि गच्चीवाले, तुमची जुनी क्लिप अगदीच टाकाऊ नाही. मूळ गेलं, पण सेक्रेटरींनी स्वतः स्क्रीन पाहिली आणि स्वतः शूट केलं. त्यांनी जबाब द्यावा, ज्या मोबाइलनं शूट केलं तो दाखवावा, भाग अ वर सही करावी. दुबळं आहे, समोरचा वकील ओरडेल, पण शून्यापेक्षा बरं. त्यांचा आवाज त्यात आहे हे उलट चांगलंच झालं.

गच्चीवरून

आत्ता खाली जाऊन विचारून आलो. मोबाइल दसऱ्याला एक्स्चेंजमध्ये दिला म्हणाले. आणि "अरे हा बघ, हा बघ" हा आवाज त्यांचा नाहीच म्हणे.