रीफ टँकसाठी लो न्यूट्रियंट डोसिंग, महिना ४० डॉलरमध्ये बसेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत राहतो, घरी ७५ गॅलनचा रीफ टँक (प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) आणि खाली २० गॅलनचा सम्प (फिल्टरची टाकी), दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण ८० गॅलन म्हणजे ३०० लिटर धरा. दोन वर्षं झाली. हॅमर, टॉर्च, झोअँथिड हे प्रवाळ सगळे छान फुलतात, पण सहा महिन्यांपूर्वी अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा या दगडी प्रवाळांचे फ्रॅग (छोटे तुकडे) आणले ते हळूहळू तपकिरी पडत गेले. मेले नाहीत, वाढतातही थोडे, पण आणताना जो निळा-जांभळा रंग होता तो पार गेला. नायट्रेट ४० पीपीएम, फॉस्फेट ०.२५, अल्क म्हणजे पाण्याची क्षारता ९ डीकेएच. पाण्यात खत जास्त म्हणून कोरलच्या आतली शेवाळं माजतात आणि रंग झाकला जातो, एवढं कळलंय.

हे नायट्रेट-फॉस्फेट कमी ठेवायला सगळे झिओव्हिटचं नाव घेतात. जर्मन सिस्टीम आहे, रिअ‍ॅक्टरमध्ये झिओलाइटचे खडे, ते रोज हलवायचे, सोबत बॅक्टेरिया, त्यांचं फूड आणि कार्बनची बाटली. रंग बघितले की जीव जातो हो! पण माझ्या पाण्याला पाऊण लिटर खडे लागतील आणि ते दर सहा आठवड्यांनी बदलायचे म्हणजे वर्षातून आठ-नऊ वेळा, वर रिअ‍ॅक्टर, पंप आणि थेंबाथेंबाने टाकायच्या त्या बाटल्या वेगळ्याच. मुलीचं डेकेअर सुरू झालंय, टँकला महिना ४० डॉलरच्या वर देता येत नाहीत आणि त्यातच मीठ आणि आरओचे फिल्टरही बसवायचे आहेत.

म्हणून बॅक्टेरियांना कार्बन द्यायला नुसत्या व्हिनेगरचा विचार करतोय. किराणा दुकानातलं साधं पांढरं ५ टक्क्यांचं, गॅलनभर घेतलं तर कितीतरी महिने पुरेल. काही जण त्याचसाठी व्होडका टाकतात, तिचं जे प्रमाण सांगतात, २५ गॅलनला रोज ०.१ मिली, त्याच्या आठपट व्हिनेगर, म्हणजे मला सुरुवातीला रोज अडीच मिली. बॅक्टेरिया कार्बन खाऊन वाढणार, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेणार आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) त्यांना बाहेर काढणार. स्किमर माझा चांगला आहे, १५० गॅलनच्या टाकीला पुरेल असा, त्यावर तेव्हाच पैसे घातले ते बरं झालं.

आता जिथे अडलोय ते. नायट्रेट झपाट्याने उतरतं पण फॉस्फेट मागे रेंगाळतं म्हणतात, मग जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) लावावंच लागतं का, की थोडं थांबून बघावं? उलट दोन्ही शून्यावर गेले तर डायनो (शेवाळासारखा चिकट तपकिरी थर) येतात, त्याची मला जास्त भीती वाटते, तर तुम्ही नायट्रेट कितीवर आल्यावर डोस वाढवणं थांबवलंत? आणि डोसिंग पंप आत्ताच घ्यायला हवा की सकाळी सिरिंजने टाकलं तरी चालेल, कारण एकदम टाकल्यावर पीएच पडतो असं ऐकलंय.

एक सांगतो, मी मूळचा कुडाळचा. मालवणला पहिल्यांदा पाण्यात डोकं घालून जिवंत प्रवाळ बघितलं तेव्हापासून हे वेड आहे. तिकडे असे दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरी ठेवायचा प्रश्नच नाही आणि ते योग्यच आहे. इथे टाकीतच वाढवलेले फ्रॅग मिळतात म्हणून मी ठेवू शकतो, आणि म्हणूनच ते माझ्या हातून खराब होऊ नयेत असं फार वाटतं.

अपडेट: दोघांनी अल्कबद्दल विचारलंत, थँक्यू, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. न्यूट्रियंट खाली आणि अल्क ९ राहिली तर अ‍ॅक्रोची टोकं जळतात, म्हणून आधी अल्क हळूहळू साडेसातवर आणतो, मगच व्हिनेगरचा पहिला डोस. झिओव्हिट सध्या नाही. पण फॉस्फेटचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, ज्यांनी फक्त व्हिनेगरवर वर्षभर टँक चालवलाय त्यांनी आपले आकडे टाका प्लीज.