वेठबिगारांना सुटकेनंतर मिळणारी मदतीची रक्कम खटल्याच्या निकालावर अडवावी का?

पांझराकाठ, धुळे :
धडगाव-अक्कलकुव्याकडची जोडपी मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततात. उचल फिटली नाही म्हणून ज्यांना परतूच दिले जात नाही, ज्यांची बायकामुले अडकवून ठेवली जातात, त्यांच्याविषयी हा धागा आहे. 1976 च्या वेठबिगारविरोधी कायद्याने असे कर्ज तत्क्षणी संपते, आणि ते वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर असतो. 2016 च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व बालकांना 2 लाख आणि मानवी तस्करीसारख्या प्रकरणांत 3 लाख रुपये ठरले आहेत. मात्र 30 हजारांपर्यंतची तातडीची मदत सोडली, तर उरलेली रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी बांधलेली आहे. ही अट काढावी, असे माझे मत आहे. वेठीतून सुटल्याचे मुक्ती प्रमाणपत्र दंडाधिकारी चौकशी करूनच देतात ना?

केळीबाग, रावेर :
मी मुकादमांची बाजू घेतो असे वाटेल, वाटू द्या. कारखान्याच्या पैशासाठी स्वतःची जमीन गुंतवलेले मुकादम आमच्याकडे आहेत, आणि दोघांकडून उचल घेऊन तिसऱ्याच टोळीत गेलेली कोयतीही (तोडणी जोडपीही) आम्ही पाहिली आहेत. घाईचा परिणाम भुसावळने 2023 च्या मे महिन्यात पाहिलाच आहे : बिहारहून सांगलीच्या मदरशात निघालेल्या 59 मुलांना भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर तस्करीच्या संशयाने उतरवले, त्यांच्यासोबतचे पाच जण जवळपास महिनाभर तुरुंगात राहिले आणि पुढे गैरसमज म्हणून प्रकरण बंद झाले. निकालाआधी पैसे वाटले, तर खोट्या तक्रारींना आमंत्रणच मिळेल.

पांझराकाठ, धुळे :
भुसावळचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे चौकशीआधी माणसे कोंडली गेली. मी चौकशीनंतर मदत द्या म्हणतो, आणि मदत दिल्याने कोणी तुरुंगात जात नाही.

सातपुडा-वकील, नंदुरबार :
दोघांशीही पूर्ण सहमत होता येत नाही. प्राथमिक निष्कर्ष असल्यास निकालाअभावी प्रस्ताव अडवू नये, असे योजनेतच म्हटले आहे. अंतिम वाटप तेवढे न्यायालयीन प्रक्रियेवर सोडले आहे. खरी अडचण साक्षीची आहे. तारीख जानेवारीत लागते, तेव्हा साक्षीदार पुन्हा उसाच्या फडात असतो, कारण घरी खायला नसते. आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे, तो मुकादम अनेकदा त्याच्याच पाड्याचा असतो. (2018 ची साक्षीदार संरक्षण योजना त्या पाड्यापर्यंत पोचलेली मी तरी पाहिली नाही.) भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 प्रमाणे तस्करीत पीडिताची संमती गैरलागू आहे, तरीही ‘स्वखुशीने उचल घेतली’ हा बचाव दर वेळी ऐकू येतो. अट मात्र पूर्ण काढू नये, नाहीतर पैसे वाटून प्रकरण मिटवण्याकडे कल वाढेल आणि खटला कोणालाच नको होईल. अर्धी रक्कम प्रमाणपत्राबरोबर द्यावी, उरलेली साक्ष नोंदवल्यावर, निकाल काहीही लागो.

केळीबाग, रावेर :
साक्षीनंतरची अर्धी रक्कम मला मान्य आहे, पहिली अर्धी नाही. आणि फिर्यादीत मुकादमाबरोबर उचलीचा पैसा पुरवणाऱ्या कारखान्याचेही नाव यावे. ते कुणी लिहून घेत नाही.