शब्दचर्चा : पाइप ऑर्गनच्या लाकडी घडणीला काय म्हणावे?

विचारणा :
नेदरलँड्समधील हार्लेमच्या सिंट बाव्हो चर्चमध्ये ख्रिस्तियान म्युलर याने १७३५ ते १७३८ या काळात बांधलेला पाइप ऑर्गन, म्हणजे नळ्यांत हवा सोडून वाजवायचे वाद्य, आहे. त्याच्या नळ्या ज्या तांबड्या-सोनेरी, शिल्पांनी मढवलेल्या लाकडी घडणीत उभ्या आहेत, तिला मराठीत काय म्हणावे? ‘पेटी’ म्हटले, तर बाजाची पेटीच डोळ्यांपुढे येते. ‘मखर’ कसे वाटते?

उत्तर :
‘पेटी’ बाद, हे मान्य. पण मखर ही निव्वळ आरास असते, ते काढले तरी मूर्तीला उणेपण येत नाही. ही घडण जुन्या परंपरेत पाठीमागून, बाजूंनी आणि वरून बंद असते, तिची खोलीही बेताची ठेवतात, त्यामुळे नळ्यांचे आवाज इकडेतिकडे न विखुरता एकजीव होऊन समोर चर्चमध्ये जातात. फ्रेंच लोक तिला ‘ब्यूफे’ म्हणतात, म्हणजे मूळचे कपाटच. आपणही ‘कपाट’ म्हणावे. शब्द रुक्ष आहे खरा, पण खोटा नाही.

पुरवणी :
‘कपाट’ चालेल, मात्र दर्शनी बाजूला वेगळे नाव हवे. जर्मन कारागीर कपाटाला ‘गेहॉयझे’ आणि दर्शनी बाजूला ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात. स्वर एक सप्तक खाली उतरला की नळीची लांबी साधारण दुप्पट होते, ८ फुटांची १६ फूट. म्हणून लांब नळ्यांचे बुरूज आणि त्यांच्यामध्ये आखूड नळ्यांचे सपाट भाग अशी मांडणी आपसूक सुचते. नळ्यांच्या चढत्या-उतरत्या टोकांवर उरलेल्या जागेत वेलबुट्टीची कोरीव जाळी बसवतात. उत्तर जर्मनीत तर वादकाच्या पाठीशी सज्जाच्या कठड्यात एक लहान कपाट, समोर मोठे आणि दोन्ही कडांना पायांनी वाजवायच्या खर्जाच्या नळ्यांचे बुरूज असतात, त्यामुळे वाद्याचे विभाग बाहेरूनच ओळखता येतात. आर्प श्निटगर याने १६९३ मध्ये पुरा केलेला हॅम्बुर्गच्या याकोबी चर्चमधला ऑर्गन याच घाटाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याचे कपाट जळाले, आधीच हलवून ठेवलेल्या नळ्या वाचल्या. १९९३ मध्ये संपलेल्या जीर्णोद्धारात कपाट पुन्हा घडवले गेले. नुसती आरास असती, तर नळ्या वाचल्यावर ती पुन्हा घडवायची गरज पडली नसती; मखराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचा विचार करावा.

विचारणाकर्ता :
पटले. ‘कपाट’ आणि ‘दर्शनी बाजू’ असे दोन शब्द घेतो.

उत्तर :
पहिल्या उल्लेखात ‘पाइप ऑर्गन’ असे पूर्ण लिहावे. आपल्या संगीत नाटकांतला पायांनी भाता चालवायचा ऑर्गन रीडांचा, त्यात नळ्याच नसतात.