विषय: लवाद म्हणून काम सुरू करते आहे

प्रेषक: सभासद, एडिसन

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या कार्यवाहांना विचारून या ईमेल लिस्टवर लिहिते आहे. न्यू जर्सीच्या कोर्टांत २८ वर्षं धंद्यातले दावे लढले. भागीदार फुटले, सप्लायरने माल अडवला, कुणी सॉफ्टवेअर अर्धवट टाकून पळालं, असली प्रकरणं. आता वकीलपत्र घेणं थांबवलंय आणि लवाद म्हणून बसते आहे. दोन्ही पक्षांनी मिळून मला नेमायचं, मी दोघांचं ऐकायचं, कागद तपासायचे आणि लेखी निवाडा द्यायचा. मध्यस्थी वेगळी, तिथे समेट घडवतात. इथे निकाल लागतो, आणि तो कोर्टाकडून कायम करून घेतला की वसुलीही करता येते.

घरगुती भांडणं, घटस्फोट, इमिग्रेशन माझ्याकडे नाही. काम असेल तर वेगळी मेल करा. प्रकरण लिस्टवर मांडू नका, कृपा करून.

प्रेषक: किराणावाले काका, इझलिन

ताई, अभिनंदन. पण आपण स्पष्ट बोलणारा माणूस. लवादाचा चटका मी खाल्लाय. कोल्ड स्टोरेजवाल्याबरोबरच्या करारात मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात कलम होतं. सही ठोकली, वाचलं कोणी? फ्रीझर बंद पडला, माझे पराठे आणि मटार गेले, ४०,००० डॉलरचा फटका. कोर्टात जातो म्हटलं तर म्हणे लवादाकडे जा. न्यायाधीशाचा पगार सरकार देतं, इथं साहेब टॅक्सीसारखं मीटर टाकून बसलेले. त्यात करारात लवाद तीन! तीन मीटर. वर निकाल विरुद्ध गेला आणि अपील नाही म्हणाले. ओक ट्री रोडवर कुणालाही विचारा, लवाद म्हटलं की मी आता दुकानाच्या मागच्या दाराने पळतो.

प्रेषक: सभासद, एडिसन

काका, मीटरचं खरं आहे, नाकारत नाही. पण तुमचा घात ‘तीन’ या आकड्याने केला. ४०,००० च्या वादाला तीन लवाद म्हणजे दोन कप चहासाठी लग्नाचं पातेलं चढवणं. अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशन या लवादाची प्रकरणं चालवणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या नियमांत १ लाख डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी जलद पद्धत आहे: एक लवाद, सहसा एकाच दिवसाची सुनावणी. पण करारात तुम्हीच ‘तीन’ लिहून दिलं असेल तर ते आड येतं. हे कलम करार करताना सगळ्यात शेवटी, रात्री अकराला, जुन्या करारातून उचलून चिकटवतात. माझी अर्धी वकिली त्यावर चालली.

अपिलाचं मात्र नीट समजून घ्या. १९२५ च्या फेडरल लवाद कायद्याप्रमाणे निवाडा रद्द करायला कारणं मोजकी आहेत: लबाडी किंवा लाचखोरी, उघड पक्षपात, महत्त्वाचा पुरावा ऐकायलाच नकार देण्यासारखं गैरवर्तन, अधिकाराबाहेर जाणं. ‘लवादाने कायदा चुकीचा लावला’ एवढं त्यात बसत नाही. करारात तसं लिहून ही यादी वाढवता येईल का, हा प्रश्न हॉल स्ट्रीट विरुद्ध मॅटेल या खटल्यात आला. २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, या कायद्याखाली नाही. शिवाय आव्हान द्यायला तीनच महिने. म्हणून हरल्यावर धंदाच बुडेल असा वाद असेल, तर हे कलम घालण्याआधी दहादा विचार करा, असं मी अशिलांना सांगायचे. आजही तेच सांगेन. माझं गिऱ्हाईक तुटलं तरी.

प्रेषक: नवीन सभासद, प्रिन्स्टनजवळ

हाय ऑल, काकांचं वाचून घाबरलोच. माझी छोटी आयटी कंपनी आहे, काम पुण्यातल्या एका टीमला देतो. नवीन करारात ‘वाद फक्त न्यू जर्सीच्या कोर्टात’ असं टाकणार होतो. होम ग्राउंड. तेच सेफ ना?

प्रेषक: सभासद, एडिसन

सेफ वाटतं खरं. दावा जिंकाल, हातात अमेरिकन कोर्टाचा हुकूमनामा येईल, पण त्यांचे पैसे कुठे आहेत? पुण्यात. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली काही देशांच्या वरिष्ठ कोर्टांचे हुकूमनामे तिथे थेट बजावता येतात. ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती त्या यादीत आहेत, अमेरिका नाही. म्हणजे तो हुकूमनामा पुरावा म्हणून घेऊन भारतात नव्याने दावा लावायचा. तारखांचं काय होतं ते मी सांगायला नको.

लवादाच्या निवाड्याची वाट वेगळी आहे. परदेशातले निवाडे एकमेकांच्या देशात मानायचे, असा १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे. त्यात भारत १९६० साली आला, अमेरिका १९७० साली. अमेरिकेत झालेला निवाडा भारतात १९९६ च्या लवाद कायद्याखाली हायकोर्टात नेता येतो. तिथे सगळं प्रकरण पुन्हा उगाळत नाहीत, ठरलेल्या कारणांवरच अडवता येतं. झटपट होतं असं म्हणणार नाही, पण पहिल्या पानापासून सुरुवात नसते. एकच लवाद लिहा, शहर लिहा, नियम कोणाचे ते लिहा. आणि गुप्तता हवी असेल तर तीही लिहा. लोकांना वाटतं लवाद म्हणजे आपोआप खासगी. लवादाने तोंड बंद ठेवायचं असतं, समोरच्या पक्षाचं तोंड करारच बंद करतो.

प्रेषक: माजी अध्यक्ष

मध्येच एक गंमत. पेशवाईत पंचायतीपुढे जाताना दोन्ही पक्ष ‘पंचांचा निर्णय मान्य करू’ असं लिहून देत, त्या कागदाला राजीनामा म्हणत. राजी असल्याचा कागद! आज राजीनामा म्हटला की मंडळाची कार्यकारिणी आठवते.

आता मुद्द्याचं. ताई, आपल्यातल्या दोघांचं रेस्टॉरंटच्या भागीदारीवरून काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. नावं घेत नाही. तुम्हीच बसा की. दोघंही तुम्हाला मानतात, आपला माणूस आहे, बाहेर शोभा नको.

प्रेषक: सभासद, एडिसन

नाही बसणार. एकाच्या घरी मी दर दिवाळीला फराळाला जाते. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांची ने-आण मी केली. दोघांना हे ठाऊक आहे आणि तरीही दोघांनी लेखी होकार दिला तर नियमांत बसेलही. पण निकाल ज्याच्या विरुद्ध जाईल त्याला त्या रात्री फराळ आठवेल किंवा लग्न आठवेल.

१९६८ चा कॉमनवेल्थ कोटिंग्ज नावाचा खटला आहे. पोर्तो रिकोमधल्या रंगकामाच्या ठेक्यावरून वाद. तीन लवादांतला तिसरा, म्हणजे तटस्थ म्हणून बसवलेला, इंजिनिअर होता. त्याने एका पक्षाकडून चार-पाच वर्षांत सल्ल्याचे सुमारे १२,००० डॉलर घेतले होते, आणि ते सांगितलं नव्हतं. त्याने काही लबाडी केल्याचा आरोपच नव्हता. तरी सुप्रीम कोर्टाने निवाडा रद्द केला, कारण सांगितलं नाही. काम घेण्याआधी मी ओळखींची यादी लिहून देते ती यासाठी. मंडळातल्या कुणाचं प्रकरण आलं तर ती यादीच निवाड्याहून लांब व्हायची.

त्या दोघांना माझ्याकडून एवढंच सांगा: कनेक्टिकट किंवा फिलाडेल्फियाचा कुणी गाठा, ज्याला तुमच्या बटाटेवड्याची चवही माहीत नाही.

प्रेषक: कार्यवाह

सर्वांना विनंती: ‘रिप्लाय ऑल’ आवरा. हॉलच्या बुकिंगची मेल खाली गेली आहे. आणि त्या दोघांपैकी एकजण या लिस्टवर आहेत.

प्रेषक: किराणावाले काका, इझलिन

शेवटची मेल. ताई, कोल्ड स्टोरेज बदललं, नव्या कराराचा मसुदा आलाय. तुम्हाला पाठवतो, मागचं पान बघा.

प्रेषक: सभासद, एडिसन

काका, मला नको, तुमच्या वकिलाला दाखवा. मी बघितला तर उद्या तुमच्या वादात मला बसता येणार नाही.

प्रेषक: किराणावाले काका, इझलिन

तुम्हाला बसवायचंय कुणाला? पाठवलाय. आकडा एक आहे का तीन, तेवढं बघा.