मदत हवी आहे: लिस्बनची अभ्यास-सहल

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, एमए साहित्याची विद्यार्थिनी. पोर्तुगीज कवी-लेखक फेर्नांदो पेसोआवर प्रबंधिका लिहितेय, त्यासाठी मे महिन्यात दहा दिवस लिस्बनला जायचा बेत आहे. एकटीच.

१९३५ साली तो गेला तेव्हा मागे राहिली कागदांनी भरलेली पेटी. पंचवीस हजारांहून जास्त कागद! ते आता तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ते प्रत्यक्ष बघायला वाचक-कार्ड लागतं का? गाइड सरांचं पत्र पुरेल, की आधी मेल करून वेळ घ्यावी लागते? कोणी गेलं असेल तर सविस्तर सांगा, सगळा जीव तिथेच अडकलाय.

राहायचं कुठे? त्याचं शेवटचं घर, आताचं संग्रहालय, कांपु द ओरीकमध्ये आहे. तिथे स्वस्त खोली मिळेल का? शियादू भागात कॉफी-हाऊसबाहेर त्याचा पुतळा आहे, पण तिकडे पर्यटकांची झुंबड असणार.

शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा लागतो ना, तो कुठून काढलात?

भाषेचं म्हणाल तर आजोबा पोर्तुगीज काळात शाळेत गेलेले, रोज शिकवणी घेतात. पण त्यांचे उच्चार साठ वर्षांपूर्वीचे!

देव बरें करूं.