सुटलेला काइट आणि दायित्व विमा

‘सावधपणे खेळणाऱ्याला अपघात विमा पुरेसा आहे, दायित्व विम्याचा (आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याचा) हप्ता वाया जातो’ हा मुद्दा मला पटत नाही, कारण काइटसर्फिंगमधला (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने फळीवरून पाण्यावर घसरण्याच्या खेळातला) धोका खेळणाऱ्याच्या अंगापुरता मर्यादित राहत नाही. काइटच्या दोऱ्या साधारणपणे 20 ते 25 मीटर लांब असतात, आणि संकटात सापडलेल्या माणसाने सेफ्टी (काइटची ओढ तोडणारी आपत्कालीन कळ) वापरून, शेवटी लीशही (काइटला अंगाशी जोडून ठेवणारा दोर) सोडून स्वतःची सुटका करून घेतली, तर तोच काइट बार (हातात धरायचा दांडा) आणि दोऱ्यांसकट वाऱ्याबरोबर किनाऱ्यावरच्या लोकांवर जाऊन आदळू शकतो. त्यात जखमी झालेल्या तिऱ्हाइताची भरपाई अपघात विम्यातून होत नाही; तो विमा मुळात विमाधारकाच्याच इजेसाठी असतो. म्हणून दोहोंपैकी एकच परवडणार असेल, तर मी आधी दायित्व विमा घेईन. अपघात विमाही हवाच, परंतु अनेक साध्या पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात, तेव्हा अपवादांचे कलम (ते बहुधा बारीक अक्षरांतच असते) आधी वाचावे आणि स्पर्धा, प्रशिक्षण व भाड्याने घेतलेले साहित्य यांबाबतचे उत्तर कंपनीकडून लेखी मागावे.